छोटा, सोपा कॅमेरा घेताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांना छायाचित्रणाचा अभ्यास करायचा नाही, फक्त बरे फोटो हवेत आणि कॅमेरा खिशात किंवा छोट्या पिशवीत मावला पाहिजे, अशांसाठी हे पान आहे. घाई असेल तर पहिला प्रश्न आणि ‘सोपा कॅमेरा’ हा प्रश्न एवढे वाचलेत तरी पुष्कळ.

फोन असताना वेगळा कॅमेरा घ्यायचाच कशाला?

कदाचित गरज नसेलही. जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१० साली भिंग कायमचं जोडलेले दहा कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे बाजारात गेले. २०२३ साली हा आकडा वीस लाखांच्याही आत होता. लोकांनी उगाच पाठ फिरवलेली नाही. दिवसाउजेडी, दोन-तीन मीटरवर उभ्या असलेल्या माणसांचा फोटो फोन इतका चांगला काढतो की त्यासाठी दुसरं यंत्र बाळगायचं कारण उरत नाही.

म्हणून दुकानात जाण्याआधी फोनची गॅलरी उघडा आणि चांगले नाही, बिघडलेले फोटो शोधा. लांबचा पक्षी ठिपक्याएवढा आलाय? रात्रीच्या कार्यक्रमात चेहरे पुसट आलेत? धावणारं मूल फरफटल्यासारखं दिसतंय? पाण्यात फोन न्यायची भीती वाटली म्हणून फोटोच काढला नाही? प्रत्येक तक्रारीवरचा कॅमेरा वेगळा आहे, आणि सगळ्यांवर एकच इलाज असलेला छोटा कॅमेरा अजून तरी कोणी बनवलेला नाही. बिघडलेले फोटो फारसे सापडलेच नाहीत, तर पैसे वाचले.

एक कारण मात्र गॅलरीत दिसत नाही. कॅमेऱ्यावर निरोप येत नाहीत, तो वाजत नाही, आणि तो बिनधास्त दुसऱ्याच्या हातात देता येतो. कॅमेरा घेण्यामागे एवढंच कारण असलं तरी ते खोटं नाही.

कॅमेरा म्हणजे फोनपेक्षा चांगलाच फोटो, हे गृहीत धरू ना?

नका धरू. निराशा बहुतेक इथेच होते. साध्या कॉम्पॅक्ट, म्हणजे छोट्या, भिंग न निघणाऱ्या कॅमेऱ्यांत ‘१/२.३ इंच’ म्हणून ओळखला जाणारा सेन्सर (भिंगातून आलेला उजेड टिपणारी चिप) असतो. प्रत्यक्षात तो साधारण ६.२ गुणिले ४.६ मिलिमीटरचा, म्हणजे करंगळीच्या नखापेक्षा लहान. आजच्या वरच्या श्रेणीतल्या अनेक फोनांत मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर याहून मोठा असतो. शिवाय फोन एका क्लिकमध्ये अनेक फोटो टिपून त्यांचं मिश्रण करतो, सावल्या उजळतो, आकाश सावरतो. साधा कॉम्पॅक्ट यातलं फार थोडं करतो. त्यामुळे संध्याकाळच्या उजेडात तोच देखावा दोन्हींनी टिपला तर फोनचा फोटो सरस ठरू शकतो. असा कॅमेरा घ्यायचा तो झूम, फ्लॅश किंवा पाण्यासाठी, स्पष्टतेसाठी नाही.

निव्वळ प्रतिमेच्या दर्जात फोनला मागे टाकायचं असेल तर सुरुवात ‘एक इंची’ सेन्सरपासून करावी.

‘एक इंची’ सेन्सर खरंच एक इंचाचा असतो?

नाही. तो १३.२ गुणिले ८.८ मिलिमीटरचा असतो, त्याचा कर्णसुद्धा १६ मिलिमीटरच्या आसपास. जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांत काचेची नळी असायची आणि तिच्या बाहेरच्या व्यासावरून माप सांगायची पद्धत होती. नळ्या गेल्या, पद्धत राहिली. विक्रेत्यांना ती सोयीचीच आहे म्हणा.

क्षेत्रफळ पाहिलं तर १/२.३ इंचाचा सेन्सर सुमारे २८ चौरस मिलिमीटर, एक इंची सुमारे ११६ आणि त्याहून मोठा, एपीएस-सी नावाचा, सुमारे ३७०. म्हणजे साध्या कॉम्पॅक्टवरून एक इंचीवर गेलात की सेन्सर चौपट होतो, एपीएस-सीवर गेलात की तेरापट. कमी उजेडात फोटोवर दिसणारे रवाळ ठिपकेही तसतसे कमी होत जातात. पण मोठ्या सेन्सरला मोठं भिंग लागतं. म्हणून खिशात मावणारा, मोठ्या सेन्सरचा आणि तीसपट झूमचा कॅमेरा एका देहात मिळत नाही. तिघांतलं एक सोडावंच लागतं.

किती मेगापिक्सेल पुरेत?

बारा. सहा बाय चार इंची छापील फोटोला, बारीक छपाई धरूनही, २.२ मेगापिक्सेल लागतात. ए-४ आकाराला ८.७, फोर-के टीव्हीचा पडदा भरायला ८.३. आज कुठल्याही नावाजलेल्या उत्पादकाचा कॅमेरा घेतला तरी यापेक्षा जास्तच मिळतात. खोक्यावरचा हा आकडा वाचायचंच सोडून द्या.

आणि झूम किती ‘एक्स’?

‘एक्स’ म्हणजे झूमच्या सर्वांत लांबच्या टोकाला सर्वांत जवळच्या टोकाने भागून आलेला आकडा. तो फक्त पल्ला सांगतो, सुरुवात कुठून होते ते सांगत नाही. म्हणून ‘समतुल्य’ मिलिमीटर विचारा, म्हणजे जुन्या ३५ मिलिमीटर फिल्म कॅमेऱ्याच्या हिशेबातले; सेन्सर कुठलाही असला तरी त्यांची तुलना करता येते. २४ म्हणजे खोलीत उभं राहून सगळं कुटुंब चौकटीत बसतं. २८ला कडेचा एखादा कापला जातो. ७० ते १०० म्हणजे चेहऱ्याच्या फोटोला छान. २०० म्हणजे रंगमंचावरचा नट. झाडावरच्या पक्ष्यासाठी ६००-७०० तरी हवेत.

भिंगाभोवतीच्या कड्यावर बहुधा भिंगाचे खरे (समतुल्य नव्हे) मिलिमीटर कोरलेले असतात. तिथे ८.८-३६.८ मिलिमीटर आणि त्यापुढे १:१.८-२.८ असं दिसलं, तर ३६.८ भागिले ८.८ म्हणजे साधारण ४.२ एक्स. पुढचे आकडे, म्हणजे ‘एफ’चे, भिंग किती उजेड आत घेतं ते सांगतात, आणि इथे लहान आकडा चांगला. पहिला आकडा झूम न करता, दुसरा पूर्ण झूम केल्यावर. मोठ्या झूमच्या छोट्या कॅमेऱ्यांत दुसरा आकडा ६.४ वगैरे असतो. एफ १.८ आणि एफ ६.४ यांच्यात उजेडाचा फरक बारापटीहून जास्त आहे. म्हणूनच तीसपट झूमचा कॅमेरा भर दुपारी खूश करतो आणि रात्री सभागृहात हात टेकतो.

डिजिटल झूम म्हणजे फोटो कापून ताणणे. ते काम नंतर फोनवरही होतं, त्याला किंमत देऊ नका.

घरात, संध्याकाळी फोटो हलतात. ‘स्टॅबिलायझेशन’ असलेला घेतला की सुटेल ना?

अर्धं सुटेल. स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताची थरथर सावरतं, समोरच्या मुलाची धाव नाही. उभी इमारत, मूर्ती, जेवणाचं ताट यांना ते फार कामाचं. पळणाऱ्या मुलाला थिजवायचं तर शटर (उजेड आत सोडणारा पडदा) १/२५० सेकंद किंवा त्याहून वेगवान हवं, आणि तेवढ्या क्षणात पुरेसा उजेड आत यायला हवा. मग रस्ते तीनच : एफ १.८ किंवा २ चं भिंग, मोठा सेन्सर, नाहीतर फ्लॅश.

फ्लॅशने फोटो भयाण येतात असं ऐकलंय.

अंधाऱ्या खोलीत सरळ तोंडावर मारला तर येतातच : पांढरा चेहरा, मागे काळोख, लाल डोळे. तरीही माझ्या मते छोट्या कॅमेऱ्यातली सर्वांत दुर्लक्षित आणि फोनकडे जवळजवळ नसलेली गोष्ट हीच. फोनवर असतो तो एलईडी दिवा. कॅमेऱ्यातला झेनॉन फ्लॅश सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास चमकून जातो. तेवढ्या क्षणात उडी मारणारं मूल हवेत थांबतं.

दोन गोष्टी करून पाहा. एक, दुपारी ऊन पाठीमागून येत असेल आणि चेहरे काळे पडत असतील तर फ्लॅश ‘ऑटो’वर न ठेवता मुद्दाम चालू करा. उन्हात फ्लॅश हे ऐकायला वेडेपणाचं वाटतं, पण चेहरा आणि आकाश दोन्ही नीट येतात. दोन, रात्री ‘स्लो सिंक’ किंवा रात्रीचं पोर्ट्रेट हा पर्याय निवडा. शटर थोडं जास्त वेळ उघडं राहतं, मागचे दिवेही फोटोत उतरतात आणि काळोखाची भिंत नाहीशी होते. छोट्या फ्लॅशचा पल्ला तीन-चार मीटरच असतो. मैदानाच्या शेवटच्या रांगेतून मारलेला फ्लॅश समोरच्या माणसाचं डोकं तेवढं उजळतो.

घेण्याआधी फ्लॅश आहे याची खात्री करा. महाग म्हणजे असणारच, असं नाही. रिको जीआर ३ आणि सोनी झेडव्ही-१ यांना तो नाही.

‘वापरायला सोपा’ कॅमेरा ओळखायचा कसा?

बटणं मोजून नाही. दोनच बटणं असलेला कॅमेरा छळ करू शकतो आणि बटणांनी भरलेला आठवड्याभरात हाताला सरावतो. मी दोन गोष्टींना लागणारा वेळ बघतो : खिशातून काढल्यापासून पहिला फोटो निघेपर्यंतचा, आणि फोटो निघाल्यापासून तो पाहणाऱ्याच्या फोनवर पोचेपर्यंतचा. यातला एक जरी फार लांबला तरी कॅमेरा कपाटात जाऊन बसतो.

पहिल्याची परीक्षा दुकानातच घ्या. कॅमेरा बंद करा, खिशात ठेवा, काढा, चालू करा, फोटो काढा. बटण न बघता बोटाला सापडतं का? भिंगाचं झाकण आपोआप उघडतं की वेगळं काढून सांभाळायचंय? बटण अर्धं दाबल्यावर फोकस पटकन बसतो की भिंग पुढेमागे करत राहतं? खोलीतल्या अंधाऱ्या कोपऱ्याकडे रोखून पाहा, कारण उजेडात सगळेच चटपटीत असतात. एका हाताने धरून अंगठा चुकून कुठल्या बटणावर पडतोय का तेही बघा. हे न केल्याने पुष्कळांचे फोटो कुठल्यातरी भलत्याच मोडमध्ये निघतात.

मग स्क्रीन. उन्हात दिसते का हे दुकानात कळणार नाही, पण दाराशी नेऊन बघू द्या असं म्हणायला लाजू नका. स्पर्शाने फोकस होत असेल तर फोनची सवय असलेल्याला फार शिकावं लागत नाही. वर-खाली वळणारी स्क्रीन चैन वाटते, पण लहान मुलं, फुलं आणि गर्दीच्या डोक्यांवरून घ्यायचे फोटो यांत ती गुडघे वाचवते.

फोटो फोनवर पोचायला लागणाऱ्या वेळेबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

सगळं ऑटोवर ठेवून चालेल?

चालेल. एकच गोष्ट शिका : एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे अधिक-उणे चिन्हाचं बटण किंवा चाकती. कॅमेरा जग मध्यम राखाडी आहे असं धरून चालतो. त्यामुळे बर्फ, पांढरी भिंत, मागे लख्ख खिडकी असली की फोटो काळवंडतो; तिथे अधिक एक करा. काळ्या पडद्यापुढचा उजळ चेहरा फटफटीत येतो. तिथे उणे एक. काही कॅमेऱ्यांच्या पूर्ण ऑटोत हे मिळत नाही, म्हणून मोडची चाकती ‘पी’वर (प्रोग्रॅम ऑटो) ठेवा. बाकी सगळं तो सांभाळतोच.

रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइली? नंतर संगणकावर बसून रंग सावरायची हौस असेल तर. नाहीतर जेपेग.

नावं सांगा ना. कोणता घेऊ?

पुन्हा बिघडलेल्या फोटोंकडे जाऊ.

कुटुंब, प्रवास, घरातले कार्यक्रम, थोडा व्हिडिओ : कॅनन पॉवरशॉट जी७ एक्स मार्क ३. २०१९चा आहे, एक इंची सेन्सर, २४ ते १०० मिलिमीटर, एफ १.८ ते २.८, फ्लॅश आणि वर वळणारी स्पर्श-स्क्रीन. वजन सुमारे ३०० ग्रॅम. सोनी आरएक्स१०० मार्क ७ त्याच वर्षीचा, जवळपास तेवढाच, पण २४ ते २०० मिलिमीटरचा आणि फोकसला जास्त तल्लख. त्याचे मेन्यू मात्र सरकारी अर्जासारखे आहेत. ज्याला मेन्यूत शिरायचंच नाही त्याला मी कॅनन सुचवेन.

लांबचं टिपायचंय : पॅनासॉनिक लुमिक्स टीझेड९९, काही देशांत झेडएस९९ नावाने. २०२५चा, २४ ते ७२० मिलिमीटर. सेन्सर लहान आहे, भिंग एफ ३.३ ते ६.४. दिवसाचा कॅमेरा म्हणूनच घ्या.

झूम नको, फक्त सुंदर फोटो हवेत आणि खरोखर खिशात मावायला हवा : रिको जीआर ३. एपीएस-सी सेन्सर, २८ मिलिमीटर समतुल्य भिंग, बॅटरीसकट २५७ ग्रॅम, आणि चालू व्हायला कंपनीच्या म्हणण्यानुसार ०.८ सेकंद. हीच चौकट जरा आवळलेली हवी असेल तर ४० मिलिमीटरचा जीआर ३ एक्स. जवळ जायचं तर पायांनी जा, असा हा कॅमेरा आहे. काहींना ते मुक्त करतं, काही महिन्याभरात विकून टाकतात. फुजिफिल्म एक्स१००व्हीआय खूप गाजतो, पण तो ५२१ ग्रॅमचा आहे. खिशातला म्हणता येत नाही.

पाणी, वाळू, पडझड : ओएम सिस्टम टफ टीजी-७, १५ मीटर खोलीपर्यंत आणि २.१ मीटर उंचीवरून पडण्यापर्यंत सोसणारा. फुलं-किडे जवळून टिपायलाही तो भलताच चांगला, भिंगापासून एक सेंटिमीटरवर फोकस होतो.

फक्त मजा, पार्टी, फ्लॅशचे जुन्या वळणाचे फोटो : कोडॅक पिक्सप्रो एफझेड५५. फोनपेक्षा सरस फोटोंची अपेक्षा ठेवू नका, दिसायला वेगळे येतील एवढंच.

ऑनलाइन ‘४८ मेगापिक्सेल, फोर-के, १६ एक्स’ असे फार स्वस्त कॅमेरे दिसतात. कसे असतात?

बहुतेक खेळणी असतात. आतला सेन्सर फोनच्या जुन्या सेन्सरसारखा, आणि ४८ हा आकडा सॉफ्टवेअरने फोटो फुगवून आणलेला. ओळखायच्या खुणा सोप्या : चालू केल्यावर भिंग बाहेर येत नाही, झूम फक्त डिजिटल, भिंगाच्या कड्यावर मिलिमीटर आणि एफचे आकडे नाहीत किंवा एकच आकडा आहे, आणि माहितीत सेन्सरचा आकार कुठेच लिहिलेला नाही. ‘फ्लॅश’ म्हणून पुष्कळदा एलईडी दिलेला असतो. लहान मुलाला हाताळायला द्यायचा असेल तर हरकत नाही. त्याच पैशात एखाद्या नावाजलेल्या कंपनीचा वापरलेला कॅमेरा मिळत असेल तर तो घ्या.

वापरलेला, दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा डिजिकॅम घ्यावा का?

सध्या त्यांची लाट आहे. जुन्या सीसीडी सेन्सरचे रंग वेगळेच असतात असं सांगितलं जातं. मला वाटतं त्यातलं बरंचसं श्रेय समोरून मारलेल्या फ्लॅशला आणि त्या काळच्या जेपेग प्रक्रियेला आहे. पण आवडतं तर घ्या.

घेताना कार्ड आधी बघा. ऑलिम्पस आणि फुजिफिल्मच्या काही जुन्या कॅमेऱ्यांना एक्सडी कार्ड लागतं, सोनीच्यांना मेमरी स्टिक. दोन्ही शोधत बसावी लागतात. एसडीचा असला तरी २००६च्या आधीचा असेल तर २ जीबीपेक्षा मोठं कार्ड बहुधा ओळखणार नाही. मग बॅटरी : फुगलेली असेल तर नको, आणि त्या नंबरची नवीन मिळते का ते पैसे देण्याआधी पाहा. ‘डबल ए’ सेलवर चालणारा मिळाला तर ही चिंताच मिटते. भिंग दहा वेळा आत-बाहेर करा. करकर आवाज किंवा अडखळणं म्हणजे आत वाळू. पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून मोठा करून पाहा. तेच ते काळपट डाग प्रत्येक फोटोत दिसले तर सेन्सरवर धूळ आहे, आणि न निघणाऱ्या भिंगाच्या कॅमेऱ्यात ती घरी पुसता येत नाही.

फोटो फोनवर कसे आणायचे?

वाय-फाय, कंपनीचं अॅप, जोडणी, पुन्हा जोडणी. पाच फोटोंसाठी ठीक, दोनशेंसाठी डोकेदुखी. फोनला लागणारा यूएसबी-सीचा छोटा कार्ड रीडर घ्या. अॅप बंद पडलं तरी तो चालतो. कॅमेऱ्यावर वाय-फाय आहे की नाही यावरून निवड करण्याची मग गरज राहत नाही.

बॅटरी आणि कार्डाचं काय?

छोट्या कॅमेऱ्यात प्रमाणित चाचणीनुसार एका चार्जिंगवर २०० ते ३५० फोटो निघतात. दुसरी बॅटरी हवीच. यूएसबीने चार्ज होणारा असेल तर फोनची पॉवरबँक चालते. कार्ड ३२ किंवा ६४ जीबीचं पुरे. फोर-के व्हिडिओ काढणार असाल तर त्यावर ‘व्ही३०’ लिहिलेलं असावं.

व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) नसला तर अडतं का?

चष्मा लावून जवळचं बघावं लागत असेल किंवा कडक उन्हात फोटो काढत असाल तर अडतं. लांब झूमलाही कॅमेरा डोळ्याला टेकवला की हात स्थिर राहतो. बाकीच्यांचं चालतं.

मिररलेसच का घेऊ नये? भिंगं बदलता येतात.

बदलणार आहात का? बहुतेक हौशी लोक सोबत आलेल्या भिंगावरच राहतात. ते भिंग अनेकदा एफ ३.५ ते ६.३ असं असतं. म्हणजे सेन्सर मोठा असूनही खोलीतल्या उजेडात एफ १.८च्या एक इंची कॉम्पॅक्टवर अपेक्षेइतकी आघाडी मिळत नाही, आणि वजन दुप्पट. पुढे वेगळं भिंग नक्की घेणार असाल तरच तिकडे वळा.

वॉटरप्रूफ कॅमेऱ्याला काही जपावं लागतं का?

हो, आणि तेच लोक विसरतात. बॅटरीच्या झाकणाच्या रबरी कडेवर एक केस किंवा वाळूचा कण बसला तरी पाणी आत जातं. पाण्यात जाण्याआधी कडा पुसा, झाकणाची कडी पूर्ण बसली का ते बघा. समुद्रातून आल्यावर साध्या पाण्यात बुडवून ठेवा आणि वाळल्यावरच झाकण उघडा. रबर कायमचं टिकत नाही. काही उत्पादक ते दरवर्षी बदलून घ्यायला सांगतात.

आणल्यावर पहिल्या दिवशी काय करू?

तारीख-वेळ बरोबर लावा, नाहीतर फोनवर आणल्यावर फोटो भलत्याच वर्षात जाऊन बसतील. कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. डिजिटल झूम आणि बीप बंद करा. मनगटाचा पट्टा लावा, आणि फोटो काढताना तो खरंच मनगटात घाला. मग घरातल्या घरात, दिवे मालवून आणि लावून, शंभर-दीडशे फोटो काढा आणि पुसून टाका. फ्लॅशचं बटण कुठे आहे, अधिक-उणे कसं होतं, हे समारंभाच्या आदल्या रात्री शोधायला लागू नये. बदलून देण्याची मुदत संपण्याआधी भिंगात किंवा स्क्रीनमध्ये काही दोष असेल तर तोही यात कळतो.